शिल्लक हवा

परवा शरीरशास्त्राचे एक जुने पाठ्यपुस्तक चाळीत असता (असल्या ग्रंथांत आकृत्यांपलीकडे काही वाचण्याचे व्यसन मला नाही) एका आकृतीखालच्या बारीक अक्षरांतल्या वाक्यापाशी नजर अडली ती अडलीच. मनुष्याने सारे बळ एकवटून, पोट पाठीला लावून, कितीही दीर्घ उच्छ्वास टाकला, तरी त्याच्या फुप्फुसांत सुमारे १,२०० घनसेंटिमीटर हवा उरतेच, आणि देहात प्राण आहे तोवर ती स्वेच्छेने बाहेर घालविणे त्याला शक्य होत नाही. उलट स्वस्थ बसलो असता एका श्वासासरशी आपण जी हवा आत घेतो ती अवघी ५०० घनसेंटिमीटर, आणि तीतलीही १५० च्या आसपास नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या वाटेतच थबकून, वायुकोशांचे दर्शन न घेता माघारी फिरते. म्हणजे ज्या उलाढालीचे एवढे कौतुक ती लहान, आणि जिची कोणत्याही रोजकीर्दीत नोंद नाही ती शिल्लक तिच्या दुपटीहून मोठी! या शिलकेनेच कोट्यवधी वायुकोश, आपल्या ओल्या भिंतींसह मिटून न जाता, उघडे राहतात, आणि दोन श्वासांमधल्या त्या क्षणभराच्या अवकाशातही भोवतालच्या केशवाहिन्यांतील रक्ताला प्राणवायू मिळत राहतो.

सूर धरणाऱ्याला श्वास लागत नाही, असे आमच्या गावात समजत असत.

देवळाच्या नगारखान्यात उत्सवाच्या दिवसांत दोन सनया वाजत. थोरल्या वादकाच्या सनईतून पहाटे तोडी निघे, सायंकाळी पूरिया निघे, खाली दर्शनाला आलेली माणसे माना डोलावीत, आणि त्याला देवस्थानच्या सनदेप्रमाणे वेतनही होते. दुसऱ्या सनईची बहुतेक छिद्रे मेणाने बुजविलेली असत. तिने एकच षड्ज धरून बसावे, इतकाच तिचा अधिकार, आणि ती वाजविणाऱ्या म्हाताऱ्याची नेमणूक नुसत्या शिध्यावर. थोरला मध्येच थांबे, पडशीतून तंबाखू काढी, चौघडेवाल्याशी दोन शब्द बोले, घाम पुशी. म्हाताऱ्याला मात्र यांपैकी काहीच करण्याची मुभा नव्हती. त्याचे तोंड गुंतलेले, हात गुंतलेले, मोकळे काय ते डोळे. आणि ते डोळे शिखरावरच्या पारव्यांवरून, पायरीवर बसलेल्या भिकाऱ्यांवरून, मजवरून असे निवांतपणे फिरत असत की हा मनुष्य काही काम करीत आहे अशी शंकाही कुणास येऊ नये. मी त्याच्या समोर बसून त्याचा श्वास पकडण्याचा प्रयत्न करी. सूर तर क्षणभरही तुटत नसे. मग आत जाणारा वारा जातो केव्हा? त्याच्याबरोबर दम कोंडून बसावे, तो माझ्या कानशिलांत घण पडू लागत, डोळ्यांपुढे काजवे चमकत, आणि म्हाताऱ्याचा षड्ज आपला संथ चाललेला. एकदा वाजविणे संपल्यावर मी धीर करून विचारले, "बाबा, तुम्ही श्वास घेता तरी केव्हा?" त्याने सनई धडप्यात गुंडाळता गुंडाळता उत्तर दिले, "घेतो कोण, बाळ? त्यो आपला येतो."

पुढे त्यातले इंगित कळले. फुगलेल्या गालांत हवेचा लहानसा साठा असतो. टाळूचा मागचा मऊ पडदा घशाची वाट बंद करतो, गालांचे स्नायू तो साठा पत्तीतून पुढे रेटतात, आणि तेवढ्या निमिषात श्वासपटल खाली उतरून नाकावाटे नवी हवा ओढून घेते. इंगित कळले म्हणून म्हाताऱ्याविषयीचा माझा आदर उणावला नाही. सकाळी बागेत नाकपुडी दाबून, चेहऱ्यावर मोठे कर्तृत्व आणून बसणारे सद्गृहस्थ पाहिले की मला त्याचे ते भटके डोळे आठवतात.

दम कोंडल्यावर होणारी ती तगमग प्रथमतः प्राणवायूच्या टंचाईची नसतेच. ऑक्सफर्डच्या हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले की श्वासाची गती ठरते ती मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कर्बद्विप्राणिद वायूवरून. तो किंचित वाढला की मस्तिष्कपुच्छातील केंद्राकडून हुकूम सुटलाच. या हॉल्डेनने हवाबंद पेटीत स्वतःला कोंडून घेऊन आपलीच उच्छिष्ट हवा हुंगण्याचे प्रयोग केले होते. अशा विद्वानांविषयी मला भीतियुक्त प्रेम वाटते. हव्या त्या वस्तूच्या उणिवेपेक्षा नको त्या वस्तूच्या संचयाने दरबार आधी जागा होतो, ही व्यवस्था वरवर विचित्र दिसते. खाणीत जेथे प्राणवायूच तेवढा कमी असतो तेथे मनुष्य विशेष तगमग न होता शुद्ध हरपतो, तो या व्यवस्थेमुळेच.

त्याच्याही आधी, १८४६ साली, जॉन हचिन्सन नामक इंग्रज वैद्याने पाण्यात पालथ्या घातलेल्या घटाचे एक यंत्र करून २,००० हून अधिक माणसांचा उच्छ्वास मोजला. खलाशी, पोलीस, आगीच्या बंबावरचे लोक, कंगाल आणि सभ्य गृहस्थ, सर्वांनी त्याच्या नळीत फुंकले. आणि विमा उतरविणाऱ्या कंपन्यांना माणसाचे आयुष्य अजमावण्यास हे माप उपयोगी पडेल, अशी त्याची उमेद होती. आमच्या म्हाताऱ्याला त्या नळीपाशी बसविले असते तर त्याचा आकडा बहुधा सामान्यच निघाला असता, कारण एका दमात किती फुंकता येते एवढेच ते यंत्र विचारी. मागे उरणारी हवा तर त्या घटात कधी येणारच नव्हती. ती मोजण्यास निराळ्या युक्त्या लागल्या. हचिन्सन पुढे, १८५२ साली, सारे सोडून ऑस्ट्रेलियास गेला, तेथून फिजी बेटांवर, आणि १८६१ साली तेथेच वारला. त्याला वादनाचा नाद होता म्हणतात. पण त्याने निवडले ते व्हायोलिन.