आतून कळलंय

माझं मराठी कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण इंग्रजीत लिहिलं असतं तर मेसमध्ये कुणी वाचलं नसतं, आणि हे मेसमधल्यांसाठीच आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत वाढली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिकडे बारावीनंतर सरळ मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट, मग कॉलेजांना अर्ज. ताईचा डिग्रीचा जीपीए ३.२, आणि प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.७ च्या वर. म्हणजे बोंबच. अशांसाठी एक बाजूची वाट असते, स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम. साधारण वर्षभराचा एम.एस. बऱ्याच ठिकाणी मेडिकलच्या पहिल्या वर्षाबरोबर तीच लेक्चर्स, तेच पेपर. तिथे टिकलात की ‘याला झेपतं’ असं सिद्ध होतं. फी अव्वाच्या सव्वा. आणि हे मार्क जुन्या जीपीएत मिसळत नाहीत, अर्जात वेगळे दिसतात. ३.२ ते जन्मभर ३.२ च!

काही कॉलेजं म्हणतात, इतके मार्क आणि इतका एमकॅट आणा, आमच्याकडे इंटरव्ह्यू नक्की. इंटरव्ह्यू हं, सीट नव्हे. सगळी भानगड या दोन शब्दांच्या मधल्या फटीत.

ताई सांगते, टर्म सुरू झाल्या झाल्या कुजबुज चालू. ‘यंदा आपल्यातले पंधराच घेणार.’ ‘नावं आधीच ठरलीयत, आतून कळलंय.’ कुणी डायरेक्टरच्या केबिनमध्ये दहा मिनिटं जास्त बसलं की संध्याकाळपर्यंत तो ‘आतला’ ठरायचा. शिफारसपत्र तेच लिहिणार, आणि त्यात काय लिहिलंय ते पोरांना दिसत नाही, मग दुसरं काय होणार? एका मुलाचे वडील तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. त्याला ऑक्टोबरमध्ये कॉल आला. ताईने ही बातमी स्वतः तिघांना सांगितली, योग्य त्या आवाजात. नोव्हेंबरमध्ये कॉल ताईला आला. दुसऱ्या दिवशी कानावर आलं, ‘फिजिऑलॉजीचे सर इंडियन आहेत ना!’ सर तमिळ. वर्षभरात तिच्याशी एकदाच बोलले होते, मागे आवाज येतोय का विचारायला.

‘म्हणजे त्या मुलाचंही खोटंच होतं?’ मी फोनवर विचारलं.

‘तेच तर माहीत नाही. बाबांनी फोन केलाही असेल. पण त्याचे मार्क आमच्यापैकी कुणी पाहिले होते?’

वशिला नसतोच असं नाही. ॲलन बाकी नावाचा एक माणूस, आपल्यासारखाच इंजिनियर, मेकॅनिकलचा. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने त्याला १९७३ आणि १९७४ मध्ये नाकारलं. तिथल्या १०० पैकी १६ राखीव जागांवरून खटला झाला, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, तो शेवटी डॉक्टरही झाला. त्याच सुमारास हेही बाहेर आलं होतं की तिथले डीन बड्या ओळखीतल्या काहींना स्वतःच्या अधिकारात आत घ्यायचे. खटला मात्र त्यावर नव्हता. मला हे फार चमत्कारिक वाटतं.

आता आमच्या मजल्याबद्दल. माझा रूममेट डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आला. त्याचं पॉलिटेक्निक आणि आपलं कॉलेज एकाच ट्रस्टचं. झालं! ‘आतून झालं असणार,’ हे मजल्यावर पहिल्यांदा कोण म्हणालं? मी. मेसमध्ये, मिसळीच्या दिवशी, चांगलं सात-आठ जणांसमोर. नंतर ते फिरत फिरत मलाच परत ऐकू आलं, त्यात एका काकांची भर पडून.

ताईचा फोन झाल्यावर मी कॅपची यादी उघडली. दोन मिनिटांचं काम, कुणालाही दिसते. ९१ टक्के. आमच्या ब्रँचला त्याच्या वर फक्त दोन नावं होती.

रूमवर गेलो तर हा माझीच एम-थ्रीची ट्यूटोरियल शीट सोडवत बसलेला. मी म्हटलं, ‘ते पॉलिटेक्निकचं मी पसरवलं होतं.’

‘माहितीय,’ तो म्हणाला. ‘तिसरं गणित चुकवलंयस. आणि लाइट घालव, आठला प्रॅक्टिकल आहे.’