अभ्यासाला जागा



माझी नात अमेरिकेत शिकते. गेल्या महिन्यात तिला तिथल्या युनिव्हर्सिटीतल्या एका 'ऑनर सोसायटी'चं निमंत्रण आलं. फोनवर मी विचारलं, "सोसायटी म्हणजे आपल्यासारखीच का? मेंटेनन्स भरावा लागतो?" ती हसून म्हणाली, "भरावा लागतो आजोबा, पण एकदाच."

मग तिनं समजावून सांगितलं. हुशार विद्यार्थ्यांची अशी मंडळं तिकडे फार जुनी आहेत. सगळ्यांत जुनं 'फाय बीटा कप्पा', ते १७७६ साली, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी निघालं. मार्क बघून बोलावतात, सर्टिफिकेट देतात, पदवीदानाच्या दिवशी गळ्यात रंगीत दोरी घालतात. आजोबा म्हणून छाती फुगलीच. पण नंतर ती जे बोलली ते जास्त लक्षात राहिलं. "दोरी मिळाली खरी, पण पहिल्या वर्षी स्टॅटिस्टिक्समध्ये मी बुडत होते. लायब्ररीत एक ट्यूटरिंग सेंटर आहे, तिथे सीनियर मुलं फुकट शिकवतात. ते नसतं तर ही दोरीही नसती."

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सन्मान पोचलेल्याला मिळतो. मदत लागते ती वाटेत अडलेल्याला.

१९७०च्या सुमारास मी आपल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत कॉमर्सला होतो. पदवीदानाला गोल्ड मेडल एखाद्यालाच मिळायचं आणि आम्ही बाकीचे टाळ्या वाजवायचो. पण आम्ही टाळ्या वाजवण्यापर्यंत तरी पोचलो कसे? दांडिया बाजारात एका वाड्याच्या ओसरीवर आमच्या पुढच्या वर्षातला एक मुलगा रोज संध्याकाळी चार-पाच जणांना अकाउंट्स शिकवायचा. बाटलीबॉयचं जाडजूड पुस्तक एकच, तेही कुणाचं तरी जुनं. ताळेबंद जुळला नाही की तो म्हणायचा, "बेरीज परत करू नकोस, नोंद परत वाच." पुढे बँकेत पस्तीस वर्षं मी हेच केलं. त्या मुलाला मेडल मिळालं नाही आणि त्यानं एक पैसाही घेतला नाही. ओसरी ज्यांची होती त्या काकू नऊ वाजता दिवा मालवायच्या. परीक्षेच्या दिवसांत मात्र मालवायच्या नाहीत.

माझे वडील त्याही आधीचे. ते कोकणातून बडोद्याला शिकायला आले ते वार लावून. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. आपल्या कितीतरी घरांतल्या आजोबा-पणजोबांचं शिक्षण असंच झालंय. त्याचं कौतुक आपण नेहमी करतो आणि करावंच. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. वार मिळायचे तेसुद्धा जात बघून.

आपल्या बडोद्याला शिक्षणाच्या मदतीचा केवढा मोठा वारसा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि पेट्यांतून पुस्तकं गावोगावी पाठवली. १९४९ साली युनिव्हर्सिटी झाली, तिच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्यांच्या नावाच्या लायब्ररीत आजही मुलं अभ्यास करतात.

याच महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला स्कॉलरशिप दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. कागदावर यापेक्षा चोख मदत काय असणार? पण १९१७ साली तो तरुण कराराप्रमाणे नोकरीला बडोद्यात आला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून तो एका पारशी सराईत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली कर म्हणाली. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मग तो कमाटीबागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर कर्ज मंजूर झालं, पैसे वाटलेही गेले, आणि माणूस दारातूनच परत गेला. महाराजांनी जे द्यायचं ते दिलं होतं. खोली द्यायची होती गावानं.

आता हे आज का आठवलं ते सांगतो. आम्ही अलकापुरीत राहतो. गरनाळं ओलांडलं की पलीकडे युनिव्हर्सिटी आणि सयाजीबाग. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक हॉल आहे. नवरात्र, एखादा वाढदिवस, जनरल मीटिंग, बाकी वर्षभर कुलूप. आणि वॉचमनची मुलगी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली स्कूटरच्या सीटवर वही ठेवून बी.कॉम.चा अभ्यास करते. ती गुजराती मीडियममधून आलेली, कॉलेजात सगळं इंग्रजीत. डोकं चांगलं आहे. उधार-जमा तिला पक्कं कळतं, पण 'डेबिट' म्हणजेच आपलं 'उधार' हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी मीटिंगमध्ये विषय मांडला, हॉल संध्याकाळी अभ्यासाला उघडू या. लगेच सुरू झालं. "लाइट बिल कोण भरणार?" "आज अभ्यासाला येतील, उद्या हक्क सांगतील." एक जण म्हणाले, "येऊ देत, पण मागच्या दारानं." त्यावर मी वर लिहिली ती सराईची गोष्ट सांगितली, आवाज न चढवता. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सहा महिन्यांची ट्रायल ठरली, साडेसहा ते साडेनऊ. बिल आम्ही चौघे रिटायर्ड मिळून भरतो. मागच्या दाराची अट मात्र मी मिनिट्समध्ये लिहू दिली नाही.

आता पाच मुलं येतात. दोन आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या बायकांची, दोन शेजारच्या सोसायटीतली आणि ही मुलगी. तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षिका इंग्रजी घेतात, मी अकाउंट्स. जीएसटी माझ्या वेळी नव्हता, तो आधी मला वाचावा लागतो. मुलं पुढच्या दारानं येतात. पहिल्या आठवड्यात काही जण बघायचे, आता बघत नाहीत.

दिवाळीनंतर ट्रायल संपते. पुन्हा मीटिंग, पुन्हा मतं. मुलीची सेमिस्टर परीक्षाही त्याच सुमारास. ती गोल्ड मेडल आणेल असं मी म्हणत नाही, तिनंही तसं काही म्हटलेलं नाही. तिला पास व्हायचंय आणि त्यासाठी टेबल, पंखा आणि समजावून सांगणारं माणूस हवंय.

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत. घरातल्या अभ्यासाच्या खोल्या रिकाम्या पडल्यात आणि सोसायट्यांच्या हॉलना कुलपं आहेत. देणग्या आपण देतोच, त्या द्याव्यातही. पण पुढच्या जनरल मीटिंगला एवढं विचारून बघा, आपल्या हॉलची किल्ली कुणाकडे आहे?