वर्दी फार्मवरचा मुक्काम

ग्लास्टनबरीचा महोत्सव ग्लास्टनबरीत होत नाही. ते गाव राहतं काही मैल बाजूला. महोत्सव भरतो सॉमरसेटमधल्याच पिल्टन या खेड्याजवळ, वर्दी फार्मवर, आणि हे फार्म खरोखरीचं दुभत्या गाईंचं आहे. मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याने 1970 साली इथे पहिल्यांदा गाणंबजावणं भरवलं तेव्हा तिकीट होतं एक पौंड, आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. आम्ही 2023च्या जूनमध्ये गेलो तेव्हा तिकीट 335 पौंडांवर गेलं होतं, वर बुकिंगचे पाच. दूध विकत.

आम्ही म्हणजे लंडनच्या हॅरो भागातले चौघं. कधीतरी गणपतीच्या आरतीला ओळख झाली आणि तेव्हापासून एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो. नागपूरकर, पार्लेकर, सातारकरीण आणि मी पुणेकरीण. तिकिटं नोव्हेंबरात काढावी लागतात, आधी फोटोसकट नोंदणी करून, आणि तोवर कोण गाणार हे बहुतेक जाहीर झालेलं नसतं. नागपूरकराचा जीव यातच खालीवर. "अबे, पत्रिका आली नाही अन् आहेर आधी?" पण डिसेंबरात एल्टन जॉनचं नाव आलं, त्याच्या निरोपाच्या दौऱ्यातला ब्रिटनमधला शेवटचा कार्यक्रम, आणि नागपूरकर गप्प झाला.

बुधवारी सकाळी गेट उघडतं. भाड्याची गाडी एका कुरणात लावायची आणि तिथून सामान ओढत निघायचं. आमच्याकडे चारचाकी ढकलगाडी होती, तिच्यावर दोन तंबू, पथाऱ्या, गॅसची छोटी शेगडी आणि सातारकरणीने भरलेली एक पिशवी, जी कुणी उघडायची नाही असा हुकूम. ऊन चांगलंच तापलेलं. चिखलासाठी प्रसिद्ध असलेल्या या जागेत त्या वर्षी धूळ होती, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आम्ही उगाचच वाहून नेले. टेकडीच्या उतारावर जागा मिळाली. उतारावर तंबू ठोकला की रात्रभर माणूस घसरत पायथ्याशी गोळा होतो, हे पार्लेकरला पटवून देण्यात अर्धा तास गेला. शेजारी शेफिल्डहून आलेली तीन पोरं होती. त्यांनी आमचे खिळे आपल्या हातोडीने ठोकून दिले. नंतर ती हातोडी बरेचदा आमच्याकडेच असायची, कारण सातारकरणीच्या पिशवीतून निघालेलं आलं ठेचायला दुसरं काही नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत आल्याचा तुकडा, खाली ताटली, वर हातोडी. पहिल्या सकाळी पोरं नुसती बघत होती. दुसऱ्या सकाळी कप घेऊन आली. शेंगदाण्याची चटणी त्यांनी पावाला लावून संपवली, ते मात्र मला थोडं लागलं.

आता संडासाबद्दल लिहायलाच हवं. बायका एकमेकींना आधी तेच विचारतात. 'लाँग ड्रॉप' म्हणजे खाली एकच मोठा खड्डा, वर ओळीने पत्र्याच्या खोल्या, आणि डोक्यावर छप्पर नाही. हे छप्पर नसणं म्हणजे वरदान आहे. वास वर निघून जातो आणि बसल्या जागी आभाळ दिसतं. खाली बघायचं नाही, कागद आपला आपण न्यायचा, आणि सकाळी सहाच्या आत उरकायचं, हे सातारकरणीचे नियम. ती नर्स आहे, तिच्याशी वाद घालू नये. सहाच्या आत उठणं तसंही अवघड नव्हतं. जूनच्या अखेरीस तिथे पाचच्या आधी उजाडतं, आणि एकदा ऊन तंबूवर आलं की आत भाजून निघण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं. रात्री दहापर्यंत पुरता अंधार होत नाही. झोपायचं कधी याची सोय त्या अक्षांशावर केलेलीच नाही.

दोन लाख माणसं एका शेतात राहतात म्हणजे काय, हे चालून चालून कळतं. एका मंचाकडून दुसऱ्याकडे जायला अर्धा तास सहज, आणि तेवढ्यात जे गाणं ऐकायला निघालो ते संपलेलं. शेवटी आम्ही ठरवलं, धावायचं नाही. पाण्याच्या नळाशी बाटल्या भरायच्या (एकदा वापरून फेकायच्या बाटल्या इथे 2019पासून विकत नाहीत), सायडर विकणाऱ्या बसपाशी टेकायचं, आणि भूक लागली की हरे कृष्णवाल्यांच्या तंबूत रांग लावायची. तिथे गरम जेवण फुकट वाढतात. "सोळा हजार किलोमीटर फिरून आलो तरी पंगतीतच," असं पार्लेकर म्हणाला. आकडा त्याने मनाने ठोकला होता.

मी वाढले ती बैठकीच्या गाण्यावर. सवाई गंधर्व महोत्सवात वडिलांशेजारी बसून कधी चुकून गुणगुणले, तर पुढच्या रांगेतून मान वळायची. दाद द्यायची ती मानेने, हाताने, फार तर एखाद्या 'वा'ने. आवाज काढायचा तो फक्त मंचावरच्याने. इथे उलटी तऱ्हा. हजारो लोक पहिल्या ओळीपासून तोंड उघडून गातात, आणि बहुतेक बेसूर. पहिले दोन दिवस मला हे नुसतं सहन करावं लागलं. पैसे मोजून शेजारच्याचं गाणं का ऐकायचं, हा माझा प्रश्न होता आणि तो मला अजूनही रास्त वाटतो.

शनिवारी दुपारी पिरॅमिड या मुख्य मंचावर लुईस कॅपाल्डी आला. स्कॉटलंडचा विशीतला गायक. त्याला टुरेट सिंड्रोम आहे हे त्याने आधीच सांगितलेलं होतं, आणि तब्येत सांभाळायला त्या महिन्यातले बरेच कार्यक्रमही रद्द केले होते. हळूहळू त्याचा आवाज जायला लागला. त्या विकारामुळे खांदा आणि मान झटके देत होती. 'समवन यू लव्ह्ड' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं शेवटी आलं आणि त्याला ते पुढे नेता येईना. तो माइकपासून मागे झाला. वाद्यं वाजत राहिली. आणि अख्ख्या कुरणाने गाणं उचललं. ओरडून नाही, बऱ्यापैकी सुरात, शब्द नीट लावत, एखाद्याच्या हातातली जड पिशवी न बोलता घ्यावी तसं. सातारकरणीला हे गाणं येत नव्हतं, ती नुसता सूर धरून होती. नागपूरकर टोपी डोळ्यांवर ओढून उभा. मीही गायले. वडिलांनी मान वळवली असती की नाही, सांगता येत नाही. काही दिवसांतच कॅपाल्डीने दौरे थांबवले, आणि दोन वर्षांनी, 2025च्या जूनमध्ये, त्याच मंचावर पुन्हा उभा राहिला. तो कार्यक्रम मी घरी टीव्हीवर पाहिला आणि पुरा पाहिला.

रविवारी रात्री नऊला एल्टन. आम्ही इतके मागे होतो की मंचावर सोनेरी काहीतरी हलतंय एवढंच दिसे. पडदे होते, पण समोर कुणीतरी उंच काठीला झेंडा बांधून आणलेला, आणि वारा पडला की तो नेमका पडद्यावर यायचा. शेफिल्डची पोरं आमच्यासोबत होती. त्यांतल्या सगळ्यात धिप्पाड पोराला एल्टनची सगळी गाणी पाठ, आणि तो माझ्या डाव्या कानाशी उभा. त्या दिवशी गायक जॉर्ज मायकेल असता तर साठ वर्षांचा झाला असता, असं एल्टनने सांगून एक गाणं त्याला वाहिलं, तेव्हा पोराने माझ्या खांद्यावर हात टाकून ते पुरं म्हटलं. शेवटी 'रॉकेट मॅन' आणि आतषबाजी.

सोमवारी निघणं हा वेगळा प्रकार. तंबू दुमडताना तो मूळच्या पिशवीत मावत नाही, हा निसर्गनियम आहे. काही लोक तंबू तसाच टाकून जातात. ते बघवत नाही, कारण ही जमीन पुन्हा गाईंना चरायला द्यायची असते, आणि म्हणूनच तर मधूनमधून एखादं वर्ष महोत्सव भरतच नाही. कुरणातून गाडी रस्त्याला लागायलाच दोन तास गेले. पार्लेकर रात्री मुद्दाम लवकर झोपला होता, चालवणारा तोच. 'ए-303' हा रस्ता स्टोनहेंजपाशी एकेरी पट्ट्याचा होतो आणि जो तो डावीकडचे दगड बघायला वेग कमी करतो. तिथे बोगद्याची योजना होती, 2024मध्ये सरकारने ती रद्द केली. त्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी घातलेला हा खोळंबा अजून चालूच आहे. गाडीत गाणी लावू या का, असं मी विचारलं. तिघांनी एका सुरात नाही म्हटलं. फ्लीटच्या थांब्यावर उतरून चौघांनी निमूटपणे साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, बराच वेळ.

गाडी परत करायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आमच्या मनगटावरचे कापडी पट्टे पाहिले. त्याने सगळं बीबीसीवर पाहिलं होतं, त्या रात्री 70 लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं तसं. ब्रँडन फ्लॉवर्स कुठल्या गाण्याला आला, रिना सावायामाने काय घातलं होतं, सगळं त्याला ठाऊक. आम्हाला पाहुणे कोण होते हे तिथेच कळलं.

"आणि एल्टनचा आवाज प्रत्यक्षात कसा होता?" त्याने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"बाजूच्या पोराचा बरा होता," नागपूरकर म्हणाला.

मुलगा हसला, डिकी उघडून आत डोकावला, आणि गवत झाडायला झाडू घेऊन आला. झाडू त्याने आमच्याच हातात दिला.