आमच्या घरचा रविवारचा सामना

अमेरिकेत शनिवारी रात्री ८.३० वाजता बास्केटबॉलचा सामना सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात आमच्या बैहरला रविवारचे सकाळचे ७ वाजलेले असतात. म्हणजे नेमकी मिस्साबलिदानास निघण्याची वेळ. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ मुंबईत खेळले. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. त्या दिवशी तेवढे घड्याळ आपले होते!

धाकटीच्या हट्टाखातर आम्ही एनबीएच्या ‘लीग पास’ची वर्गणी भरली. तीत झालेला सामना मागाहून संपूर्ण पाहता येतो, गुण लपवून ठेवण्याचीही सोय आहे. सायंकाळी नेटवर्कची कृपा झाली की एका मोबाइलभोवती आम्ही सारे दाटीने बसतो. खेळ ४८ मिनिटांचा, पण विरामांमुळे दोन तासांवर जातो. आजी पहिल्याच विरामात पेंगतात. उठून मात्र जात नाहीत.

अडचण निराळीच आहे. नागपूरला नोकरीस असलेला थोरला सामना सकाळीच पाहतो आणि दुपारी फोन करतो. निकाल तो सांगत नाही; पिकापाण्याचेच विचारतो. परंतु त्याच्या आवाजावरूनच धाकटी सारे ताडते, म्हणून फोनजवळ फिरकतच नाही. सलग तीन रविवार बहीणभावांचे बोलणे झाले नाही. आता त्याला शनिवारी फोन करावयास आम्ही सांगितले आहे.