खर्चाच्या वहीतली आई

"तुमच्यात हे लिखाण आलं कुठून?"

स्टेजवर हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर आधी तयार ठेवावं, हे मास कॉमच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात एका वाचनालयानं माझ्या एका फीचरला छोटंसं बक्षीस दिलं. शाल, श्रीफळ आणि पाकीट. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला माईक दिला आणि मी एकदम फिल्मी थाटात म्हणाले, "बाबांकडून. आमच्या घरात बाबांच्या कविता होत्या, पुस्तकं होती, दिवाळी अंक होते." टाळ्या! बाबा पहिल्या रांगेत मान खाली घालून हसत होते. त्यांच्या शेजारी आई. तीही टाळ्या वाजवत होती, मांडीवरची पर्स पडू नये म्हणून जरा बेतानं.

परतताना विरार लोकल, मग वसईहून रिक्षा. एवढ्या प्रवासात आई कार्यक्रमाबद्दल एकच वाक्य बोलली, "त्या माईकवाल्या बाईंची साडी छान होती गं." घरी आल्यावर तिनं स्वतःची साडी घडी घालून ठेवली आणि चवळी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी २२ डबे होते.

चिंचोटी म्हटलं की मुंबईतल्या माणसाला फक्त धबधबा आठवतो. पावसाळ्यात बाईकवरून येणारी पोरं, मग दुर्घटनेची बातमी, मग पोलिसांची बंदी. बाकीचे आठ महिने इथे कुणी राहतं का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. राहतो आम्ही. हायवेवरून कामणकडे वळलं की गाळे सुरू होतात, ट्रक आणि धूळ. त्या गाळ्यांमधल्या कामगारांना आईचे डबे जातात. वर्षं झाली १५. ऑफिसात कुणी विचारलं तर 'आई काय करते' याचं माझं उत्तर बरीच वर्षं 'हाऊसवाईफ' होतं. डब्यांचं सांगायला लाज वाटायची असं नाही, पण सांगायचे नाही एवढं खरं.

त्या बक्षिसानंतर दोनच आठवड्यांत एक असाईनमेंट आली : मराठीतली साहित्यिक घराणी. सोपं काम! मी लॅपटॉपवर तक्ता केला. लेखक, वडील, आजोबा, पुस्तकं, पुरस्कार. पाच-सहा घराणी भरून झाल्यावर लक्षात आलं, आईचा कॉलमच नाही. तो टाकला, तर अर्धा रिकामा राहिला. 'श्यामची आई' सगळ्यांना पाठ, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं हेही माहीत असतं. पण त्या आईचं नाव? मी ऑफिसच्या कँटीनमध्ये सात जणांना विचारलं. दोघांनी 'यशोदा' सांगितलं, त्यातला एक गुगल करून. ज्या पुस्तकात पानोपानी आई आहे, त्याच्या नावातही ती षष्ठी विभक्तीतच उभी आहे. श्याम-ची.

अडकले मी कर्व्यांपाशी.

घराणं बघा ना. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, यांचं आत्मवृत्त. मुलगा रघुनाथ, 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा संपादक. त्याच्यावर अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला २००१ मध्ये. दुसरा मुलगा दिनकर, त्याची बायको इरावती कर्वे. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. इरावतीबाईंच्या मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. गौरीची मुलगी ऊर्मिला हिनं २०२४ मध्ये आपल्या आजीचं चरित्र इंग्रजीत सहलेखक म्हणून लिहिलं. चार पिढ्या, बॉस! आणि या सगळ्यांच्या मुळाशी, तक्त्यात ज्यांना जागा नव्हती अशा दोन बायका.

पहिली राधाबाई. अण्णांची पहिली बायको, रघुनाथची आई. १८९१ मध्ये बाळंतपणात गेली. वय २७. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानं पुढे १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली, खटले अंगावर घेतले, आणि बाईला मूल कधी हवं ते तिनं ठरवावं म्हणून १९५३ साली मरेपर्यंत मासिक चालवलं. नऊ वर्षांच्या पोरानं घरात पाहिलेलं ते बाळंतपण आणि हे आयुष्य यांच्यात मी एक रेघ ओढते. ती माझी आहे, पुरावा मागू नका. पण राधाबाईंच्या नावापुढे आपल्याकडे एकच ओळ असते, 'पहिली पत्नी'.

दुसरी आनंदीबाई. घरच्यांची बाया. माहेरची गोदूबाई जोशी. लहानपणी लग्न झालं, काही महिन्यांत नवरा गेला. विशी ओलांडल्यावर, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथे दाखल झालेली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये अण्णांशी पुनर्विवाह. मुरुडच्या लोकांनी बहिष्कार टाकला. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात मावते, कारण इथपर्यंत ती अण्णांच्या धैर्याची गोष्ट असते.

पुढची गोष्ट बायानं स्वतः लिहिली. 'माझे पुराण', १९४४. सून कावेरी कर्वे हिनं संपादन केलं. मी ते वसई ते अंधेरी उभ्यानं वाचलं आणि अंधेरीला उतरायचं विसरले. मला वाटलं होतं, थोर पुरुषाची पत्नी, त्यागबिग, डोळे पाणावतील. पण बाई कडक आहे. आणि पैशांबद्दल बोलते! अण्णांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि हाताला लागेल ते त्यात ओतलं. विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. बायाला ते अजिबात पटलं नाही. घरात पोरं, उद्या काही झालं तर? गंमत म्हणजे (गंमत कसली!) आश्रमात राहायची सोयही नाही. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरली तर लोक आपल्या विधवा मुली पाठवणार नाहीत, ही भीती. म्हणजे जिच्याशी लग्न करून अण्णा सुधारक झाले, तिलाच सुधारणेच्या अंगणात मज्जाव. अण्णा पुण्यात कॉलेजात शिकवून हिंगण्यापर्यंत पायी जायचे, ही पायपीट आपण आदरानं सांगतो. शहरात मागे राहून घर कोण ओढत होतं, हे मात्र सांगायचं राहतं.

आणखी एक. चर्चगेटजवळच्या एसएनडीटीच्या पाटीखालून मी शेकडो वेळा गेले असेन. अण्णांनी १९१६ मध्ये काढलेलं हे महिला विद्यापीठ. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. चांगलंच झालं की! एका आईचं नाव पाटीवर आहे. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून हिशोब चालू आहे. नाथीबाईंच्या नावे मुलानं पैसे दिले. बायानं जे दिलं त्याची पावती कुणी फाडली? पुण्यात आज बाया कर्वे नावाचा पुरस्कार दिला जातो, हे नोंदवलंच पाहिजे. आणि तिच्या आठवणी पुढे इंग्रजीत आणल्या त्या मुलानंच, दिनकररावांनी, १९६३ च्या पुस्तकात.

इरावतीबाईंचा 'परिपूर्ती' हा लेख आठवतोय? सभेत त्यांची ओळख करून दिली जाते, अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी, स्वतः विदुषी. काहीतरी कमी राहिल्यासारखं वाटतं. मग रस्त्यात पोरं एकमेकांत कुजबुजतात, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि त्यांची ओळख पूर्ण होते. शाळेत हा लेख मला फार आवडला होता. आता वाचताना थोडी चिडचिड झाली. इरावतीबाईंना ते म्हणणं परवडतं, कारण बाकीच्या सगळ्या ओळखी आधी वाचून झालेल्या आहेत. माझ्या आईच्या बाबतीत यादी 'आई'पासूनच सुरू होते आणि तिथेच संपते.

मग मी काय केलं असेल? जे कुठल्याही भावनाप्रधान पत्रकार मुलीनं केलं असतं तेच. आईच्या वह्या शोधल्या. डोक्यात बहिणाबाई. आई गेल्यावर सोपानदेवांनी तिची गाणी अत्र्यांना दाखवली, १९५२ मध्ये पुस्तक आलं, महाराष्ट्र थक्क झाला. कोण जाणे, आमच्या ओट्याखालीसुद्धा एखादी कविता सापडायची!

सापडल्या फुलस्केप वह्या, ११. कविता एकही नाही. ओवी नाही, म्हण नाही, कोपऱ्यात काढलेलं फूलसुद्धा नाही. नुसता खर्च. तेल, गॅस, बटाटे १० किलो, रिक्षा. कुणाचे डबे किती, कुणाची बाकी किती. मी हिरमुसले, खरंच. पानं उलटत गेले ती निव्वळ चिकाटीनं. २०१४ च्या वहीत, गॅस आणि कांद्याच्या मधे एक ओळ होती : 'प्रेस, यांचे पुस्तक, ९,०००'. वर दोन ओळी : 'पाटल्या ठेवल्या'.

बाबांचा कवितासंग्रह. आमच्या घराची शान. ३०० प्रती, त्यातल्या बऱ्याच अजून माळ्यावर आहेत. अर्पणपत्रिका : 'मायमराठीस'.

तीन वह्या पुढे, 'फी, पहिला हप्ता, १८,०००'. माझी. मास कॉमची. त्याच पानावर 'पाटल्या सोडवायच्या' लिहून खोडलेलं. सुटल्याची नोंद मला शेवटच्या वहीत मिळाली. पाच वर्षांनी.

मी ती वही घेऊन बाहेर गेले. बाबा पेपर वाचत होते. पान पुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं. "मला तेव्हा म्हणाली होती, भिशी लागली," ते म्हणाले. मग बराच वेळ पेपरच्या त्याच पानावर होते. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून लसूण सोलायला घेतला आणि इतका वाईट सोलला की आईनं ताट काढून घेतलं.

रात्री मी तिला म्हटलं, "आई, मी तुझ्यावर लिहिणार आहे. स्टेजवर चुकीचं सांगितलं मी."

"चुकीचं काय त्यात? पुस्तकं यांचीच आहेत."

"आणि पैसे?"

"ते काय पुस्तकात लिहितात का?"

मी तिला बायाबद्दल सांगितलं. विम्याची पॉलिसी, आश्रम, सगळं. ती डबे पुसत ऐकत होती. महर्षी वगैरे भाग तिनं सोडून दिला. "पोरं किती होती घरात?" तिनं विचारलं. सांगितलं. "मग बरोबरच बोलली ती," आई म्हणाली. थोड्या वेळानं, "लिहिता येत होतं तिला, म्हणून बरं."

"तुलाही येतंय की."

"मला कुठे वेळ आहे?" मग तिनं हात पुसले. "लिही बाई. पण पाटल्यांचं लिहिलंस तर सुटल्या तेही लिही. नाहीतर माझ्या माहेरी कळेल आणि त्यांना वाटेल अजून सोनाराकडेच आहेत. आणि फोटो छापणार असतील तर आधी सांग, केस रंगवायचेत. किती मिळणार याचे?"

मी आकडा सांगितला. तिनं वही ओढली, तारीख टाकली आणि 'लेख' असं लिहून पुढे आकडा मांडला. पेन्सिलीनं.

"पेन्सिलीनं का?"

"तुझे पैसे वेळेवर कधी आलेत? आले की पेनानं लिहीन."