सावकाश बर्री, अत्ती

गेल्या वर्षी मे महिन्यात मी मुलाकडे लंडनला गेले होते. हाउन्स्लो भागात त्यांचे घर. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडायचे, ते संध्याकाळीच परतायचे. मी खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या बसगाड्या मोजायची. गुडघा दुखतो हे कारण होतेच. खरे सांगायचे तर हे गेल्यापासून माझे चालणेच सुटले होते. बेळगावात आम्ही दोघे रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जात असू. हे चार पावले पुढे आणि मी मागे. ते वळून वळून "ये की लवकर" म्हणायचे. त्यांच्यामागे दोन वर्षे मी तिकडे पाऊल टाकले नव्हते.

एका शुक्रवारी रात्री सुनेने माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर काळ्या उभ्या रेघा छापलेल्या, दुकानातल्या वस्तूंवर असतात तशा. "अत्ती, तुमचं नाव घातलंय. उद्या शनिवार, आपण पार्करनला जायचं." आमची सून धारवाडची, घरी कन्नड बोलणारी. माझ्याशी ती मराठी बोलते, पण घाईत असली की कन्नडच तोंडात येते. मी म्हटले, "अगं, धावायचं वय आहे का माझं?" तिने ऐकून घेतले नाही.

बसने आम्ही हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासमोर उतरलो. तिथल्या फाटकातून बुशी पार्कमध्ये शिरले आणि गुडघा विसरून बघतच राहिले. सरळ लांबलचक रस्ता आणि दुतर्फा चेस्टनटची जुनी झाडे. पांढऱ्या फुलांचे उभे तुरे असे की प्रत्येक झाड म्हणजे पेटवलेली दीपमाळ. पलीकडे गवतात हरणे चरत होती, अगदी आपल्याकडे माळावर गुरे चरतात तशी निवांत. कारंज्याजवळच्या हिरवळीवर शेकडो माणसे जमली होती. तरणी पोरे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, आणि माझ्यापेक्षाही म्हाताऱ्या बायका.

या प्रकाराची सुरुवात याच बागेत झाली. पॉल सिंटन-हेविट नावाच्या गृहस्थांना दुखापत झाली होती, धावता येत नव्हते. पण धावणाऱ्या मित्रांची संगत सुटू नये म्हणून २ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांनी मित्रांना बोलावले आणि स्वतः वेळ मोजायला उभे राहिले. त्या दिवशी धावणारे होते १३ जण. पोहोचण्याचा क्रम कळावा म्हणून आकडे ठोकलेले वायसर हातात देत. आज वीसहून अधिक देशांत दर शनिवारी हे चालते. अंतर ५ किलोमीटर. फी नाही, बक्षीस नाही. एकदाच नाव नोंदवायचे आणि तो रेघांचा कागद सोबत न्यायचा. कागद विसरला तरी कुणी अडवत नाही, फक्त तुमची वेळ नोंदली जात नाही. रस्ता दाखवणारे, घड्याळ लावणारे सगळे स्वयंसेवक. या आठवड्यात धावलेला पुढच्या आठवड्यात जाकीट घालून वळणावर उभा राहतो.

सुरू होण्याआधी नव्या मंडळींना बाजूला घेऊन एका बाईंनी सगळे समजावले. लांबून कोण आले आहे, असे विचारले. सुनेने माझा हात धरून वर केला आणि "बेलगाम, इंडिया" म्हणाली. टाळ्या वाजल्या. मी संकोचून पदर सावरला. साडीवर स्वेटर आणि पायात मुलाचे जुने बूट, असा माझा अवतार!

नऊच्या ठोक्याला सगळे सुटले. पाच मिनिटांत आम्ही एकदम मागे. मला लाज वाटू लागली. मागे पाहिले तर जाकीट घातलेले एक आजोबा हात मागे बांधून रमतगमत येत होते. मी सुनेला म्हटले, "त्यांना पुढे जाऊ दे, आपल्यामुळे खोळंबले." ती हसली. "अत्ती, त्यांचं कामच ते. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत त्याच्या मागे राहायचं. तुम्ही शेवटच्या येऊच शकत नाही." म्हणजे प्रत्येक ठिकाणी हे काम कुणीतरी आपणहून घेतो. हे ऐकल्यावर माझी छाती हलकी झाली.

वाट कधी खडीची, कधी गवताची. दोन किलोमीटरनंतर गुडघा बोलू लागला. मी घाई करू लागले तशी सून म्हणाली, "सावकाश बर्री, अत्ती."

सावकाश. हा शब्द तिच्या माहेरचा की माझ्या? दोन्हीकडचा. आयुष्यभर वापरला, पण त्या दिवशी तो नव्याने कानावर पडला. मग मनात पाच वर्षे अडकलेले बोलून टाकले. लग्नाच्या वेळी भाषेवरून मी तोंड वाकडे केले होते. मांडवात तिची आई माझ्याशी बोलायला आली, तेव्हा मला कन्नड चांगले येत असूनही मुद्दाम मराठीत तुटक उत्तर दिले होते. "तुझ्या आईला फार लागलं असेल ना गं?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. वाटेवर एक हरीण आडवे गेले. मग म्हणाली, "लागलं होतं. मलापण." आणि थोड्या वेळाने, "होगली बिडरी, अत्ती." पुढचे दोन किलोमीटर आम्ही कन्नडमध्येच बोललो.

शेवटी उभ्या असलेल्या पोरांनी आमच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. हातात एक बिल्ला दिला, कागदावरच्या रेघांशी जुळवला आणि परत मागून घेतला. माझी वेळ एक तास आठ मिनिटे. आजोबा आमच्या मागून पोहोचले. त्यांना मी पिशवीतला बेळगावी कुंदा दिला. त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि न विचारता दुसरा घेतला.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आपल्या वाचकांना एवढेच सांगेन की शनिवारी घरात बसू नका. इंग्लंडमध्ये वेळ सकाळी नऊची, स्कॉटलंडमध्ये साडेनऊची. धावायलाच हवे असे नाही.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी व्हॅक्सिन डेपोत गेले. गल्लीतल्या दोघी सोबत होत्या. एक काठी टेकत येते, तिला दम लागतो. पुढे गेलेली एकजण वळून "लवकर या" म्हणाली. मी काठीवालीच्या मागे थांबले आणि म्हटले, "सावकाश ये गं. मी आहे मागे."

जून संपत आला की धारवाडच्या विहीणबाई चार दिवस आमच्याकडे राहायला येणार आहेत. त्यांचेही गुडघे दुखतात म्हणे. शनिवार धरूनच या, असे मी त्यांना कळवले आहे. फोनवर. कन्नडमध्ये.