लेकी बोले, सुने लागे

आपल्याकडे जुनी म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. सासू रागावते पोटच्या मुलीवर, पण शब्द जाऊन बसतो सुनेच्या काळजात. नाव कुणाचे घेतलेले नसते, म्हणून उघड भांडण होत नाही. आणि ज्याला कळायचे त्याला नेमके कळते. जगभरच्या प्राणीकथांचे मर्म या चार शब्दांत आहे.

ग्रीस देशात इसाप नावाचा गोष्टीवेल्हाळ माणूस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात होऊन गेला, असे मानतात. तो सामोस बेटावर गुलाम होता, असे हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. गुलामाने धन्याला तोंडावर हावरट म्हटले तर पाठ सोलून निघायची. तेच लांडग्यावर घालून बोलले की धनीही हसत ऐकतो. आपल्या पंचतंत्रातला विष्णुशर्मा गुलाम नव्हता, गुरू होता. पण शिष्य होते राजाचे तीन मठ्ठ मुलगे. राजपुत्रांना मूर्ख म्हणण्याची सोय नाही, म्हणून त्याने सिंह, बैल आणि कोल्हे बोलते केले.

या गोष्टी फिरल्याही फार. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पोचले आणि आठव्या शतकात अरबी भाषेत गेले. तिथे आपले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. तिकडून इसापही आपल्याकडे आला. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या.

आता एकच गोष्ट तीन घरी कशी नांदते ते पाहा. इसापकडे सोन्याचे अंडे देणारी कोंबडी आहे. मालक एकदम सारे सोने मिळावे म्हणून तिचे पोट फाडतो. आत इतर कोंबड्यांसारखेच सारे. जातककथेत सोन्याच्या पिसांचा हंस आहे. तो गरीब बाईला अधूनमधून एक पीस देतो. तिला धीर धरवत नाही. ती त्याला पकडून सगळी पिसे उपटते, तर ती साधी पांढरी होऊन जातात. पुढे हंसाला नवी पिसे फुटतात, तीही पांढरीच, आणि तो उडून जातो.

पंचतंत्रातली गोष्ट तर थेट शेताच्या बांधावरची आहे. हरिदत्त नावाच्या ब्राह्मणाची शेती पिकत नव्हती. एकदा त्याला शेतातल्या वारुळावर नाग दिसला. हीच आपली क्षेत्रदेवता, असे समजून त्याने वाटीत दूध ठेवले. सकाळी पाहतो तर वाटीत सोन्याचे नाणे! मग रोज दूध आणि रोज एक नाणे, असा नेम सुरू झाला. एकदा तो परगावी गेला आणि काम मुलावर सोपवून गेला. मुलाला वाटले, वारूळ नाण्यांनी भरलेले असणार. त्याने नागाला काठी घातली. नाग वाचला, त्याच्या दंशाने मुलगा मात्र गेला.

कृषी विस्ताराच्या कामात मी ही गोष्ट अनेक गावांत सांगितली, विशेषतः जिथे एका बोअरला पाणी लागले नाही की शेजारी दुसरे घेतले जाते अशा कोरडवाहू भागात. आपला बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. पावसाने जेवढे मुरले, तेवढेच आपल्या वाट्याचे. हे सरळ सांगितले की ज्याच्या शेतात चार बोअर आहेत तो उठून जातो. नागाची गोष्ट सांगितली की तोही बसून ऐकतो.

अशाच एका सभेत, पाराच्या कडेला बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, “सायेब, पोरानं काठी हाणली ती समद्यांनी बघितली. पण रोज एकच नाणं का मिळतं, ते बापानं पोराला कधी सांगितलं व्हतं का?”

सभा गप्प झाली. तिथे बाप पुष्कळ बसले होते. आजींचे बोलणे हरिदत्ताला होते, पण लागले कुणाला ते मला समोर दिसत होते.

त्यानंतर मी सभेत मुलांनाही बोलावू लागलो. दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी किती खोल होते आणि नंतर किती वर आले, हे मुलांनीच मोजायचे आणि वहीत लिहायचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. रोजचे एक नाणे म्हणजे काय, हे त्या गावाने ओळखले.

शाळेच्या पुस्तकात गोष्टीखाली तात्पर्य छापलेले असते. घरी गोष्ट सांगाल तेव्हा ते लगेच सांगू नका. रात्री जेवणे झाल्यावर पोरांना ही नागाची गोष्ट सांगा आणि विचारा, चूक कुणाची? पोरे काय उत्तर देतात ते नीट ऐका. बोल नागाचे असतील, पण एखादा आपल्यालाही लागेल. लागला तर लागू द्यावा.